सात्यांची जागा

काल आईंनी सात्या आणल्या. लुगड्याच्या ओच्यात, वरून पळसाची पानं झाकून. ओसरीवर पाय पसरून बसल्या आणि चाकूच्या पाठीनं एकेका देठाची माती खरडू लागल्या. मी आत चुलीपाशी होते. ओल्या मातीचा, कुजत्या पानांचा तो वास आत आला आणि मला एकदम रडू फुटलं. वर्षभरानं हा वास घरात आला होता, पण दरवर्षीसारखी ‘ये वं मनीषा, हात लाव’ ही हाक काही आली नाही.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. गावात त्यांना वच्छलाबाई म्हणतात. आणि सात्या म्हणजे आमच्या जंगलातली अळिंबी. पोळ्याच्या आगेमागे, आठ दिवस पाऊस पडून दोन दिवस उघडीप झाली, ढग नुसते गुरगुरत राहिले आणि अंगाला घाम चिकटला, की वारुळांवर या फुटतात. पांढऱ्या, डोक्यावर करड्या टोकाच्या, देठ पार वारुळाच्या पोटात गेलेला. बाजारात पाकिटातून जे गोल गोल मिळतं ना, त्याच्याशी यांची सोयरीक जोडू नका, मला राग येतो. कांदा, तिखट, थोडं तेल, बस. त्या दिवशी घरात कोणी कोणाशी बोलत नाही, सगळे खाली मान घालून जेवतात.

मी घुग्घुसची. बाबा कोळशाच्या खाणीत कामाला. दोरीवर वाळत घातलेली पांढरी ओढणी संध्याकाळी राखाडी होऊन घरात येणार, अशा गावची मी. आमच्याकडे ऋतू नव्हतेच म्हणा ना, पाळ्या होत्या. बाबांची पहिली पाळी, दुसरी पाळी. लग्न होऊन पोंभुर्ण्याच्या पुढं, जंगलाला लागून असलेल्या या गावात आले तेव्हा पहिल्याच पोळ्याला मी बावळटासारखं विचारलं, “आई, ह्या कुठी भेटते?” घरातले सगळे आईंकडे बघू लागले. आई हसल्या आणि म्हणाल्या, “जंगलात.”

तेव्हा कळलं की सात्यांची जागा विचारायची नसते. ज्याची त्याची जागा ठरलेली, आणि ती पोटात ठेवायची. सख्ख्या बहिणी एकमेकींना सांगत नाहीत. जागा तोंडातून निघाली की सात्या रुसतात, असं इथं सगळेच मानतात. मग पुढच्या पिढीला कळायचं कसं? तर सांगत नाहीत, नेतात. सासू थकली, गुडघे दुखायला लागले, की एखाद्या सकाळी सुनेला म्हणते, “चाल.” एवढंच. त्या सकाळपासून जागा सुनेची. आईंना त्यांच्या सासूनं तसंच नेलं होतं. मी अकरा वर्षं त्या एका ‘चाल’ची वाट पाहत होते. मंगळसूत्र घातलं, दोन लेकरं झाली, रेशनकार्डावर नाव चढलं, तरी मला आपलं वाटत राहायचं की ज्या दिवशी आई ‘चाल’ म्हणतील त्या दिवशी मी या घरची होईन.

तोवर मी कान देत राहिले. आमच्या दारातून डावीकडे वळलं की शेजारच्या कौसाबाईंचा कुत्रा भुंकतो, मग माणूस ओळखीचं असो की परकं. उजवीकडे वळलं की हापशी लागते, आणि हापशीचं घोटभर पाणी प्यायल्याशिवाय आईंना पुढं जाववत नाही. कुत्रा म्हणजे तळ्याची बाजू, हापशी म्हणजे नाल्याची. श्रावण सरायला आला की सकाळी तव्यावरची पोळी करपू देऊन मी ऐकत बसे, आज कुत्रा की हापशी? आईही पक्क्या! एके वर्षी कुत्रा भुंकला, आणि अर्ध्या घटकेनं हापशीपण करकरली. परतल्यावर माझ्या तोंडाकडे बघून त्या इतक्या हसल्या की ओच्यातल्या सात्या सांडल्या. तेव्हा हा आमच्या दोघींचा खेळ होता.

सैपाकघरात आणखी एक आवाज असायचा. “उठले का जी? चूल पेटली का? चाय मांडली का?” फळीवरच्या छोट्या रेडिओतून रोज सकाळी साडेसहाला प्रवीणभाऊ विचारायचे. तालुक्याच्या गावातलं आमचं छोटं रेडिओ केंद्र, आसपासच्या गावांपुरतंच ऐकू येणारं. आणि कार्यक्रमाचं नावच ‘उठले का जी’. काय नव्हतं त्यात! फर्माईशीची गाणी, धानावरच्या किडीची चौकशी, बसची खबर, आणि रोज एक पाहुणा. एकदा दंडारीत बाईचं पात्र करणारे एक म्हातारबाबा आले. “कसं चालत होते बाबा?” विचारलं तर म्हणाले, “दाखवतो ना!” आणि खरंच रेडिओवर चालून दाखवलं. आम्ही इकडे सैपाकघरात त्यांच्या घुंगरांचा आवाज या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाताना ऐकला. एकदा एक कंडक्टर आला, त्यानं तिकिटं फाडायच्या तालावर गाणं म्हटलं. आई पोटाला हात लावून हसल्या होत्या.

शेवटची पाच मिनिटं मात्र प्रवीणभाऊ एकटे बोलायचे. मागं हळू बासरी. आवाज खाली आलेला, आपल्याच घरातलं कोणीतरी उंबऱ्यावर बसून बोलतंय असा. एकदा म्हणाले, “आपल्या घरात जो मानूस सगळ्यात कमी बोलते ना, त्याले आज एक सवाल विचारून पाहा जी.” मी त्या दिवशी आईंना विचारलं, “आई, तुमच्या मायचं नाव काय होतं?” आईंनी हातातली विळी खाली ठेवली. मग दुपारपर्यंत त्या बोलत होत्या. इतक्या वर्षांत त्यांना हे कोणी विचारलंच नव्हतं. असं देणं त्या आवाजानं मला दिलेलं आहे, ते मी नाकारत नाही. म्हणूनच तर पुढचं इतकं लागलं. ज्याच्यावर कधी भरवसाच नव्हता त्याचा राग येतो आणि जातो. इथं मी भरवसा ठेवला होता.

मागच्या साली राखीला मी केंद्रावर राखी पाठवली. सोबत चिठ्ठी. मला सख्खा भाऊ नाही, रोज सकाळी तुमचा आवाज ऐकला की माहेरचं कोणी दारात आल्यासारखं वाटतं, असं काहीबाही लिहिलं. आणि लिहिता लिहिता आईंबद्दल लिहिलं. त्यांची धानाच्या रोवण्याची गाणी, त्यांच्या सात्या. दुसऱ्याच आठवड्यात रेडिओवर माझं नाव! “मनीषाताई, राखी बांधली जी हातात. आता भावाचं ऐका, तुमच्या सासूबाईले घेऊन या आपल्या कार्यक्रमात.” मी दिवसभर जमिनीवर नव्हते.

आई तयार होईनात. “मी काय सांगू त्या पेटीत?” चार दिवस मी त्यांच्या मागं लागले. पाचव्या दिवशी त्यांनी ट्रंकेतलं हिरवं लुगडं काढलं. मी म्हटलं, “आई, रेडिओवर दिसत नाई, निसतं ऐकू येते.” म्हणाल्या, “असू दे. मले तं मालूम राह्यते ना, काय नेसली म्हनून.”

केंद्र म्हणजे खताच्या दुकानाच्या वर दोन खोल्या. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले. आईंनी आत शिरताच वर-खाली बघितलं आणि विचारलं, “एवढे अंडे कोनं खाल्ले वं?” प्रवीणभाऊ खो खो हसले. आवाजावरून वाटला होता त्याहून बारीक माणूस, चष्मा लावलेला. हातात माझी राखी होती. दोरा मळला होता, पण होती. मी मनात म्हटलं, बघा, आहे की नाही आपला माणूस!

दोन खोल्यांमध्ये काच. प्रवीणभाऊ आणि आई आतल्या खोलीत, मी काचेच्या अलीकडे, कानाला हेडफोन लावून. तिथं कॉम्प्युटर होता, त्यावर एक हिरवी रेघ. “हे रेघ नाचून राह्यली का समजायचं, आवाज भरून राह्यला,” त्यांनी मला दाखवलं, “अन् सपाट झाली का बंद.” कार्यक्रम दुसऱ्या दिवशी सकाळी लागणार होता. नको ते कापून टाकतो, काळजी करू नका, असंही म्हणाले.

आई काय बोलल्या! सुरुवातीला दोन मिनिटं नुसतं हो-नाही, मग सुटल्या. चिखलात वाकून वाकून म्हटलेली गाणी, रोवण्याच्या बाया एकमेकींना कशा चिडवत, सगळं. सात्यांचं निघालं तेव्हा इतकंच म्हणाल्या की लोखंड लावायचं नाही, हातानं हलकेच काढायच्या, बारक्या सोडून द्यायच्या आणि पहिली सात्या तिथंच जंगलासाठी ठेवायची. “अन् जागा कुठी हाय बाई?” प्रवीणभाऊंनी हसत विचारलं. आई तितक्याच हसत म्हणाल्या, “जंगलात.” मला गंमत वाटली. अकरा वर्षांपूर्वी मला मिळालेलंच उत्तर त्यांना मिळालं होतं.

“झालं बाई, संपलं!” प्रवीणभाऊंनी कानावरचं काढून टेबलावर ठेवलं. थर्मासमधली चाय ओतली. “आता आपन घरचे.” आईंनी चाय बशीत घेतली. मग ते त्या शेवटच्या पाच मिनिटांच्या आवाजात बोलू लागले. “बाई, माझी माय बी लय सात्या आनायची. मी लहान होतो तवाच गेली ती. जागा दाखवलीच नाई तिनं मले. पोळा आला का तिची आठवन येते, अन् कुठी जाऊ समजत नाई.” चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले.

आईंनी बशी खाली ठेवली. मग त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, “रडू नको बापू. नाल्याच्या थडीनं वर जाजो. जुना फुटका बंधारा लागते. त्याच्या वर दोन मोहाच्या झाडाच्या मधात तीन वारूळ हायेत. पन लोखंड नको लावजो बरं. अन् पयली सात्या तिथीच ठेवजो.”

परत येताना बसमध्ये आई खिडकीशी बसून गुणगुणत होत्या. मला म्हणाल्या, “चांगला मानूस हाय वं तुहा भाऊ.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या अंगणात पाच-सहा बाया जमल्या होत्या. कौसाबाई सगळ्यांत पुढं, पाटावर. मी सगळ्यांना चाय दिली. आईंचा आवाज रेडिओतून आला तशा बाया एकमेकींना कोपरानं ढोसू लागल्या. गाणं झालं तेव्हा कौसाबाईंनी आईंच्या गालावरून हात फिरवला. आई लाजल्या. मग प्रवीणभाऊ म्हणाले, “आता कान देऊन ऐका जी, एका मायचं गुपित,” आणि बासरी सुरू झाली. त्या बासरीवर आईंचा आवाज. नाल्याच्या थडीनं वर जाजो.

तीन वारुळांपर्यंत सगळं आलं. एक शब्द कापला नव्हता. फक्त प्रवीणभाऊंची स्वतःची माय आणि ‘रडू नको बापू’ तेवढं काढून टाकलं होतं. आईंनी आपणहून, कौतुकानं सांगितल्यासारखं ते ऐकू येत होतं.

कौसाबाई पाटावरून उठल्या. “गाईले पानी दाखवाचं राह्यलं,” म्हणाल्या आणि गेल्या. मग दुसरी उठली, तिच्या घरी दूध उतू जात होतं म्हणे. मग तिसरी. कोणी आईंकडे बघितलं नाही. अर्धी चाय तशीच पेल्यांत राहिली. थोड्याच वेळात रस्त्यावरून मोटारसायकली नाल्याकडे जाऊ लागल्या, एकीवर तर तिघं, मधल्याच्या हातात लोखंडी सब्बल, पहारीसारखी.

आईही तिकडे निघाल्या. मी मागून गेले. कोणी नेलं नाही, कोणी ‘चाल’ म्हटलं नाही, आणि अकरा वर्षं जिची वाट पाहिली ती जागा मी पहिल्यांदा पाहिली. तीन खड्डे होते. वारुळं सब्बलीनं फोडून आतली माती चारी बाजूंना फेकलेली. वाळवीची पांढरी अंडी उघड्यावर पडलेली आणि त्यांना मुंग्या लागलेल्या. बोटभरसुद्धा वाढल्या नव्हत्या अशा सात्या चपलांखाली चेंगरल्या होत्या. दोन-तीन माणसं अजून उकरत होती, आईंना बघून हसली. “रेडिओवर ऐकलं जी बाई!” आई त्या खड्ड्याच्या कडेला बसल्या आणि हातानं माती आत लोटू लागल्या. मी मदतीला वाकले तर म्हणाल्या, “राहू दे.”

मी प्रवीणभाऊंना फोन केला. त्यांनी पलीकडून आनंदानं सांगितलं, “ताई, किती फोन आले म्हनता! लोकायले लय आवडलं.” मी म्हटलं, तुम्ही कापतो म्हणाला होतात. तर म्हणाले, “कापनार होतो वो. पन तेच तर खरं बोलनं होतं. बाकीचं तं कोनीबी बोलते. चाय आल्यावर मानूस खरं बोलते, हे आपली जुनी तरकीब हाय.” तरकीब! आईंनी बशी खाली ठेवली ती तरकिबीसाठी. पंधरा दिवसांनी शेवटच्या पाच मिनिटांत, त्याच बासरीवर, ते सांगत होते की परवा मायला दवाखान्यात नेलं, आपल्या म्हाताऱ्या आईबापाला जपा जी. माय जिवंत होती. केसानं गळा कापणं काय असतं ते मला त्या सकाळी, कणकेत हात असताना कळलं. मी तशाच हातानं रेडिओ बंद केला. सेल काढून फेकले. बटणावर कणकेचे डाग वर्षभर राहिले.

इथवर मी हे कितीदातरी लोकांना सांगितलं आहे. माहेरी सांगितलं, लेकरांच्या शाळेतल्या बाईंना सांगितलं. सगळे हळहळतात, प्रवीणभाऊंना शिव्या घालतात, आणि मला तेवढ्यापुरतं बरं वाटतं. पुढचं मी कोणाला सांगत नाही.

त्या संध्याकाळी हातपाय धुऊन आई ओसरीवर बसल्या होत्या. नखांत माती तशीच होती. त्यांनी विचारलं, “तू काचेमांगं होतीस ना मनीषा? तुले नाई दिसलं का, ते मशीन सुरू हाय म्हनून?”

मी म्हटलं, “नाई आई. मले नाई समजलं.”

दिसलं होतं. हिरवी रेघ नाचत होती. ते ‘झालं, संपलं’ म्हणाले तेव्हाही नाचत होती, चाय ओतली तेव्हाही. काचेवर टकटक करायला मी हात उचललासुद्धा होता. मग त्यांनी मायची गोष्ट काढली, आईंनी बशी खाली ठेवली, आणि मला कळलं की आता त्या जागा सांगणार. माझा हात तिथंच थांबला. कापतीलच नंतर, आपलाच भाऊ आहे, असं मी स्वतःला सांगितलं. पण खरं ते एवढंच होतं की मला ऐकायचं होतं. अकरा वर्षं मी कान दिला होता. रेघ नाचत राहिली आणि मी हेडफोन कानावर आणखी घट्ट दाबला.

आईंनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग “बरं” म्हणाल्या आणि नखातली माती काडीनं काढू लागल्या. त्यानंतर वर्षभरात त्या माझ्यावर एकदाही चिडल्या नाहीत. माझ्या हातचं जेवतात, लेकरांना भरवतात, मला ताप आला तर उशाशी बसतात. फक्त ‘ये वं, हात लाव’ म्हणत नाहीत. भांडल्या असत्या तर मी खरं बोलून मोकळी झाले असते. मला अजूनही वाटतं की सगळ्यांत मोठा दगा मला प्रवीणभाऊंनी दिला, आणि मग रात्रीच्या भाताचे तांदूळ निवडताना वाटतं, की आईंना कोणी दिला?

परवा आई स्वतः बाजारात गेल्या होत्या. येताना पोळ्यासाठी झुली, बेगड, आणि दोन सेल. बॅटरीचे असतील म्हणून मी लक्ष दिलं नाही. काल सात्या आल्या. म्हणजे दुसरी जागा आहे. आधीपासून होती, की या वयात त्या गुडघ्यांवर जंगल पालथं घालून त्यांनी शोधली, ते मला माहीत नाही. काल जेवताना कोणी बोललं नाही, पण ते दरवर्षीचं न बोलणं नव्हतं.

आज सकाळी मी पोळ्या लाटत होते. आई ओचा खोचून सैपाकघरात आल्या. फळीवरचा रेडिओ खाली घेतला, धूळ पदरानं पुसली, मागचं झाकण काढून सेल बसवले. बटणावरचे माझे वाळलेले कणकेचे डाग नखानं खरडून काढले. मग बटण फिरवलं, पार शेवटपर्यंत.

“उठले का जी? चूल पेटली का? चाय मांडली का?”

भांडी थरथरावीत इतका मोठा आवाज. आईंनी रेडिओ माझ्यासमोर, पोळपाटाच्या शेजारी ठेवला. “तुले ऐकाले आवडते ना,” त्या म्हणाल्या. “ऐक मंग.” आवाजात राग नव्हता. चपला घातल्या आणि दाराबाहेर गेल्या.

प्रवीणभाऊ बोलतच होते. आत्ता कौसाबाईंचा कुत्रा भुंकत असेल किंवा हापशी करकरत असेल, पण या आवाजात मला काही ऐकू येत नव्हतं. माझा पिठाचा हात बटणापर्यंत गेला. थोडंसं मागं फिरवलं असतं तर कळलं असतं, त्या अजून कोपऱ्यापर्यंतसुद्धा पोहोचल्या नसतील.

मी हात मागं घेतला आणि पोळी उलटली.